एका शर्टातले दोघे

क्यान्जाले मिशन शाळेच्या शताब्दी समितीच्या सभेत कातो अनातोली यांनी हात वर केला, त्यामागे काही उदात्त हेतू होता असं कुणी समजू नये. सभा लांबली होती, चहावर साय धरली होती, आणि फादर रेमिजिओ "जुन्या काळातलं काही आहे का हो कुणाकडे?" हे इतक्या आर्जवानं विचारत होते, की कुणीतरी काहीतरी कबूल केल्याशिवाय सुटका नव्हती. हयातभर मसाकाच्या पाणीपुरवठा कार्यालयात काढलेल्या माणसाला खरं तर ठाऊक हवं, की सभेत वर गेलेला हात खाली घ्यायची पुढं मुभा नसते. पण तोवर कातो बोलून गेले होते.

"माझ्याकडे फोटो आहे. ब्रदर तेओफिलांच्या वेळचा. आख्ख्या वर्गाचा."

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. माजी विद्यार्थी संघाचे ते अध्यक्ष होते, पण माना वळण्याचा प्रसंग त्या पदानं आजवर आणलेला नव्हता.

फोटो त्यांच्या बैठकीत टांगलेला होता. वर येशूचं पवित्र हृदय, खाली मुलगी रोझा पदवीच्या झग्यात, आणि मधे हा वर्ग. पुढची रांग जमिनीवर मांडी घालून, तळवे गुडघ्यांवर. मधली बाकावर. मागची उभी, हाताची घडी घालून, छाती पुढं काढून, हनुवटी वर. जणू ती शाळा नसून ठाणं होतं आणि शाळेची टेकडी त्यांनीच राखायची होती. कुणी हसत नव्हतं. हसायला मनाई नसावी, पण परवानगीही नसावी. सगळी डोकी तासलेली. सगळ्यांच्या अंगात कॉलरवाले पांढरे शर्ट आणि खाकी चड्ड्या, आणि त्या चड्ड्या एवढ्या ऐसपैस, की वारा आला तर मूल आतल्या आत गिरकी घेईल. पाय अनवाणी. फक्त मधल्या रांगेत एकाच मुलाच्या पायांत बूट होते, आणि त्यानं ते पाय असे पुढं केले होते, की फोटो वर्गाचा आहे की बुटांचा असा प्रश्न पडावा. तो मुलगा म्हणजे मिशनच्या धर्मशिक्षकाचा चिरंजीव सेकित्तो. पुढं हेडमास्तर झाले, आता निवृत्त होते आणि समितीचे चिटणीस होते. पाय अजूनही तसेच पुढं टाकून बसायचे.

समितीनं ठरवलं, फोटो भिंतीएवढा करायचा. ठराव एकमतानं झाला, कारण करायचं कातोंना होतं.

"आणि प्रत्येक मुलाखाली त्याचं नाव," सेकित्तो गुरुजी म्हणाले. "खात्रीचं हवं. बिशपसाहेब येणार आहेत. अंदाजपंचे चालायचं नाही."

तेव्हा पुढच्या रविवारी मिस्सा आटोपून हयात असलेली मंडळी कातोंच्या बैठकीत जमली. कातोंच्या बायकोनं, पर्पेटुआनं, दुधाचा चहा आणि भाजलेले शेंगदाणे मांडले. फोटो खाली उतरवला तेव्हा भिंतीवर एक पांढरा चौकोन उघडा पडला आणि पर्पेटुआला नवऱ्यानं भिंत रंगवायचं टाळल्याची साक्ष मिळाली. नावं भराभर निघाली. गेलेल्यांच्या नावाला सगळे क्रूस करत, आणि मग त्याच दमात तो पेन्सिली कसा चोरायचा हेही सांगत. तिसऱ्या रांगेच्या टोकाला आल्यावर कातोंनी घसा साफ केला.

"आणि हा मी."

"अगंबाई!" फेब्रोनियाबाई म्हणाल्या. त्यांचा थोरला भाऊ पहिल्या रांगेत बसला होता, म्हणून त्या आल्या होत्या. "तू कुठला? हा वास्वा ना? तुझ्या आईनंच मला सांगितलंय, ह्याच फोटोवर बोट ठेवून."

"मला आईनं सांगितलंय की हा मी आहे."

"मग एकाला खोटं सांगितलं असेल बाईनं."

शेंगदाणे सोलायचे थांबले.

आमच्याकडं जुळे मुलगे झाले की नाव ठेवायची चर्चा नसते. आधी आला तो वास्वा, मागून आला तो कातो; मग बाप्तिस्म्याला काय ते अकिलेओ-अनातोली करा. आणि जुळ्यांना वाढवायचा नियमही एकच, एकाला ते दुसऱ्याला. भेदभाव झाला तर जुळी रागावतात, आणि जुळ्यांच्या रागानं माणसाच्या अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठतात. ह्यावर मिशनचं मत काही असो, कातोंच्या आईनं धोका पत्करला नाही. उकडलेलं अंडं ती दोऱ्यानं कापायची. एकानं खोडी केली तर चपराक दोघांना. कातोंनी आयुष्यात खाल्लेल्या एकूण मारापैकी निम्मा वास्वाच्या नावावर होता, आणि वास्वा असता तर त्यानंही हेच उलटून सांगितलं असतं.

फोटोच्या वेळी मात्र आईचा नियम अडला. हॉलंडच्या कुणा धर्मादाय मंडळींनी कापडाचा गठ्ठा पाठवला होता. त्यातून मिशनच्या सिस्टरनं शर्ट शिवले. सिस्टरनं मोजली घरं, मुलं नव्हे. घरटी एक शर्ट. आणि ब्रदर तेओफिलांचा हुकूम असा, की ज्याच्या गळ्याला कॉलर नाही तो फोटोत नाही, कारण फोटो हॉलंडला जायचा होता आणि कापड वाया गेलं नाही हे तिकडं दिसायला हवं होतं. दोन मुलं, एक शर्ट. आईनं तो अंड्यासारखा दोऱ्यानं कापला नाही एवढंच. तिनं मुलांना सांगितलं, ब्रदर फोटो नेहमी दोन काचांवर घेतो, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. पहिल्या काचेला वास्वा, तो आधी आलाय. दुसऱ्या काचेला कातो.

तसंच झालं. पहिला फोटो निघाला, ब्रदर काच बदलायला काळ्या कापडाखाली शिरला, वास्वा फणसाच्या झाडामागं धावला, शर्ट उतरवला, कातोनं तो गरम गरम अंगात घातला आणि त्याच जागी जाऊन हाताची घडी घातली. ब्रदरच्या लेखी त्या जागी पहिल्यापासून एकच मुलगा होता.

पुढच्या वर्षी वास्वा उडाला. जुळं मेलं असं आमच्यात म्हणत नाहीत. जुळी उडून जातात. तापानं उडाला. मग ब्रदर तेओफिल स्वतः टेकडी उतरून घरी आले आणि आईच्या हातात ह्या फोटोची एक प्रत ठेवून म्हणाले, "हा तुझा मुलगा." आई म्हणाली, "हो." कुठली काच, हे ब्रदरला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं आणि आईनं विचारलं नाही. त्यानंतर जन्मभर ती त्या मुलावर बोट ठेवून एखाद्या दिवशी सांगायची, हा माझा वास्वा. आणि एखाद्या दिवशी, हा माझा कातो. चपराकांसारखीच वाटणी. आता ती नव्हती, आणि फोटोखाली एकच नाव लिहायचं होतं.

ही अडचण कातोंच्या घशाशी आली ती चहाचे पेले गोळा झाल्यावर. 'कातो' लिहावं, तर वास्वाचा चेहरा जगात कुठंच उरत नव्हता. दुसरा फोटो नव्हता, कधी काढलाच नव्हता. आणि 'वास्वा' लिहावं, तर कातो अनातोली हा माणूस त्या शाळेत गेला होता ह्याचा पुरावा म्हणजे त्यांचा स्वतःचा शब्द.

सेकित्तो गुरुजींनी ते वळण घ्यायला वेळ लावला नाही. "नाही, मला आपलं वाटलं," ते कोटाचं बटण लावत म्हणाले, "फोटोत नसलेला माणूस संघाचा अध्यक्ष... लोक विचारतात हो."

"कोण विचारतं?"

"मी कुठं म्हटलं मी विचारतोय?"

ते गेल्यावर पर्पेटुआ म्हणाली, "रोझाचे बाबा, एकाच मुलाखाली दोन्ही नावं लिहा ना."

"एका मुलाला दोन नावं? बिशप म्हणतील, ह्यांच्या शाळेत मोजायला शिकवत नव्हते."

"मग काहीच लिहू नका."

"रिकामी जागा ठेवली तर सेकित्तो त्यात स्वतःच्या बुटांचं नाव लिहील."

बातमी टेकडीवर पसरली, आणि ज्यांनी तो फोटो कधी पाहिला नव्हता त्यांना सगळ्यात जास्त खात्री होती. शेजारचा औषधवाला म्हणाला, कान बघा, कान बदलत नाहीत. कातोंचे कान दिवसभर लोकांनी इतके धरून पाहिले, की शाळेतल्या दिवसांची खरीखुरी आठवण झाली. पलीकडची बाई म्हणाली, कानाचं काय घेऊन बसलात, पायाची बोटं बघा. तेव्हा अध्यक्षांना ओट्यावर मोजे काढून बसावं लागलं. रोझानं कंपालाहून फोनवर सांगितलं, कॉम्प्युटर ओळखतो चेहरे, मी पाठवते त्याला. कॉम्प्युटरनं विचार करून सांगितलं, की फोटोतला मुलगा ही बहुधा रोझाच आहे.

त्यातल्या त्यात बरी सूचना आली ती हाताच्या घडीची. माणूस जन्मभर एकाच पद्धतीनं घडी घालतो म्हणे; कुणाचा उजवा वर, कुणाचा डावा. हे ऐकताच बैठकीतल्या सगळ्यांनी घडी घालून पाहिली, आणि मग उलट घालून पाहिली, आणि आपले हात आपलेच नाहीत असं वाटून सगळे गोंधळले. कातोंचा डावा वर यायचा. फोटोतल्या मुलाचा उजवा वर होता.

"झालं तर! वास्वा!" औषधवाला म्हणाला.

"थांबा," कातो म्हणाले. "नीट बघा. सगळ्या रांगेचाच उजवा वर आहे."

होताच. ब्रदर काठी घेऊन रांगेवरून फिरायचा: उजवा वर, पंजे आत, नखं हॉलंडला दिसता कामा नयेत. म्हणजे त्या फोटोत जे जे मुलाचं स्वतःचं असू शकलं असतं ते ते ब्रदरनं आधीच सरळ करून ठेवलं होतं. कातो त्या दिवशी पहिल्यांदा त्या रांगेकडं बराच वेळ बघत राहिले. शर्ट हॉलंडचे, घडी ब्रदरची, डोकी मिशनच्या वस्तऱ्याची. आपल्याला काय मिळालं होतं उभं राहायला? नुसता चेहरा. आणि तोही दोघांत एक.

दुसऱ्या दिवशी ते बोसाकडे गेले. बोसा वर्गातला त्यांचा जिवलग, आता कॉफीच्या मळ्यात नातवंडांवर ओरडत बसायचा.

"काच बदलताना तू तर फणसापाशी राखणीला धावला होतास," कातो म्हणाले. "काही आठवतं?"

"आठवतं म्हणजे? लख्ख! पहिल्या काचेला मी शिंकलो. ब्रदर केवढ्यानं ओरडला!"

कातोंनी पिशवीतून फोटो काढला.  दुसऱ्या रांगेत बोसाच्या चेहऱ्याच्या जागी पांढुरका फराटा होता. "म्हणजे ही पहिली काच. बोसा, म्हणजे हा वास्वा!"

"हो रे," बोसा म्हणाला, आणि त्याचेही डोळे भरले. दोघं म्हातारे थोडा वेळ नाक ओढत बसले. मग बोसाच्या कपाळाला आठी पडली.

"नाही, पण... ब्रदर ओरडला तो 'पुन्हा तूच?' असं ओरडला."

"पुन्हा?"

"दुसऱ्यालाही शिंकलो वाटतं मी."

"बोसा, माणसानं किती शिंकावं!"

"धूळ होती! आणि माझ्यावर काय चिडतोस? तुम्ही दोघांनी एक शर्ट घातलात, मी एक नाक पण शिंकू नको?"

राहिल्या काचा. त्या बिशपच्या दप्तरखान्यात असतील, म्हणून कातो तिकडं गेले. तिथल्या सिस्टर फार अदबीच्या. म्हणाल्या, संघाच्या अध्यक्षांचं पत्र लागेल. कातो म्हणाले, अध्यक्ष मीच. त्या म्हणाल्या, मग सोपंच झालं, स्वतःला पत्र लिहायला सांगा. कातोंनी तिथल्या बाकावर बसून पत्र लिहिलं. ते शिक्का नाही म्हणून परत आलं. शिक्का चिटणिसाकडे असतो. सेकित्तोंनी तो मारून दिला, पण आधी पत्रातली भाषा सुधारली. इतकं सगळं होऊन दार उघडलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, काचा नाहीत. देशात लढाई झाली त्यानंतर मिशनच्या सगळ्या खिडक्या फुटलेल्या होत्या आणि काच कुठं मिळत नव्हती, तेव्हा कुणीतरी ब्रदरच्या काचा सोड्यानं घासून जुन्या सॅक्रिस्टीच्या, पाद्र्यांच्या पोशाखांच्या खोलीच्या, खिडकीला बसवल्या.

कातो तिथंही गेले. लहान लहान चौकटींची खिडकी होती. एकेका काचेला डोळा लावून त्यांनी पाहिलं. पलीकडं केळीची बाग होती आणि एक बाई मटोकेच्या केळ्यांचा घड डोक्यावर घेऊन चालली होती. बाकी काही नव्हतं. त्यांनी रुमालानं दोन काचा पुसल्या, उगीचच, आणि घरी आले.

मोठा फोटो करायचं काम नाकिमेराबाईंच्या स्टुडिओकडे होतं. ह्या बाईंचा हात फार सढळ. साध्या पायघोळ कान्झूत उभा असलेला माणूस त्यांच्या स्टुडिओतून कोट-टायमध्ये, गुलाबांच्या कमानीत, मागं रोमचं मोठं देऊळ घेऊन बाहेर पडायचा. उडून गेलेल्यांना आणि मेलेल्यांना तर त्या इतकं सजवायच्या, की जिवंतांना हेवा वाटावा.

"माझ्या फोटोत काही घालायचं नाही," कातो म्हणाले. "गुलाब नाही, रोम नाही. आहे तसा मोठा करा."

"डाग काढू?"

"डाग काढा."

"बोसाकाकांचं नाक?"

"ते असू द्या. ते तसंच होतं."

बाईंनी नावं उतरवून घेतली. तिसऱ्या रांगेच्या टोकाशी पेन थांबलं. मग कातोंना सगळं सांगावंच लागलं; शर्ट, फणस, काचा. बाई ऐकत राहिल्या. त्यांना स्वतःलाच जुळी होती. आत पडद्यामागं दोघी कशावरून तरी भांडत होत्या, आणि बाईंनी उठून दोघींना एकेक बिस्कीट दिलं, आधी हिला, लगेच तिला.

"मग काय लिहू, साहेब?"

कातो टोपी हातात फिरवत राहिले. आपल्या चेहऱ्याचे फोटो ढीगभर आहेत, त्यांच्या मनात आलं. लग्नातला, नोकरीच्या ओळखपत्रावरचा, रोझाच्या बाप्तिस्म्यातला. सेकित्तो म्हणतील ते म्हणतील. अध्यक्षपद काय, पुढच्या सभेत दुसरं कुणीतरी हात वर करील.

"वास्वा अकिलेओ लिहा," ते म्हणाले.

"आणि तुमचं नाव?"

"माझं नाही. मी फोटोत नाही."

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. कातोंना वाटलं, बाई गहिवरल्या.

घरी येऊन त्यांनी समारंभासाठी छोटं भाषण लिहिलं. त्यात 'त्याग' हा शब्द आला होता. पर्पेटुआनं तो खोडला.

समारंभाच्या सकाळी गुंडाळी शाळेत पोचली तेव्हा बिशपसाहेबांची गाडी टेकडीखाली दिसू लागली होती. उघडून बघायला वेळ नव्हता. दोघं गडी शिडीवर चढले, दोऱ्या बांधल्या आणि फोटो सोडला. तो खडखड करत भिंतभर उलगडला.

आधी सगळ्यांना दिसले ते बूट. सगळ्या वर्गाच्या पायांत बूट होते. एकजात सगळे सेकित्तोंचे. तेच बूट, तीच चमक, मांडी घातलेल्या मुलांच्या गुडघ्यांखालून सुद्धा डोकावणारे. बायका तोंडावर हात ठेवून हसू लागल्या.

"हे काय!" सेकित्तो ओरडले. "माझे बूट!" आणि मग त्याहून मोठ्यानं, "माझा खांदा!"

खांदा खरंच नव्हता. मागची रांग सरकवून जागा केलेली होती, आणि त्या सरकासरकीत मधल्या रांगेतल्या सेकित्तोंचा अर्धा खांदा कुणाच्या तरी कोपराखाली गेला होता. जागा केली होती ती टोकाला. तिथं एक मुलगा उभा होता, आणि त्याला खेटून तोच मुलगा पुन्हा उभा होता. एकाखाली लिहिलं होतं वास्वा अकिलेओ. दुसऱ्याखाली कातो अनातोली.

"एक मुलगा जास्त आहे!" सेकित्तो म्हणाले. "समितीला फसवलंय! अध्यक्षमहाशय, स्वतःला चिकटवून घेतलंत?"

कातोंना घाम फुटला. भाषणाचा कागद खिशात होता, आणि त्यात आपण फोटोत नसल्याबद्दल दोन परिच्छेद होते. त्यांनी गर्दीत नाकिमेराबाईंना गाठलं.

"बाई, मी काय सांगितलं होतं? काही घालू नका म्हटलं होतं ना!"

"बुटांचं चुकलं साहेब. एवढी गोरगरीब मुलं, माझ्यानं बघवेना."

"बुटांचं नाही विचारत मी!"

बाईंचा आवाज खाली आला. "साहेब, एका जुळ्याचं नाव लिहायचं आणि दुसऱ्याचं पुसायचं? माझ्या हातानं? घरात माझ्या दोन आहेत. तुमचं मन मोठं असेल, पण चट्टे माझ्या पोरींच्या अंगावर उठले असते. मी रात्रभर हात लावला नाही कामाला. मग म्हटलं, दोघांना उभं करते, म्हणजे कुणी रागवायला नको."

"पण हा तोच मुलगा आहे!"

"तोच कसा असेल? मी फिरवलाय त्याला. डाव्याचा उजवा केलाय. नाहीतर ठसा मारल्यासारखं दिसतं."

तेवढ्यात काठी टेकत बोसा पुढं आला. मान वर करून त्यानं टोकाकडं पाहिलं आणि खुशीत हसला. "अरे वा! आणि हा बघ कातो. घडी उलटी घातलीय लेकानं. ब्रदरचं लक्ष नसणार."

कातोंनी वर पाहिलं.

डावा हात वर होता. पण त्यांची नजर घडीवर थांबली नाही. त्या फिरवलेल्या मुलाची एक भुवई जरा वर चढलेली होती, आणि ओठ एका बाजूला कललेला, आणि हा चेहरा कातोंना इतका ओळखीचा वाटला की ते एक पाऊल मागं सरले. हा चेहरा ते रोज सकाळी दाढी करताना बघत होते. जन्मभर आरशात बघितलेलं आपलं तोंड ते त्या जुन्या फोटोत शोधत होते आणि ते कधी सापडत नव्हतं, कारण आरसा डाव्याचा उजवा करतो आणि फोटो करत नाही. आणि शेजारचा, मूळचा? त्याची भुवई दुसऱ्या बाजूला वर होती. तो चेहरा त्यांनी आरशात कधीच पाहिला नव्हता. तो पाहिला होता समोरून. ताटाच्या पलीकडून, चटईच्या दुसऱ्या कडेवरून, फणसाच्या झाडामागं शर्टातून डोकं बाहेर काढताना.

म्हणजे फोटोत वास्वाच होता, असं काही ह्यावरून ठरत नव्हतं. स्वतः कातो उभे असते तरी हेच झालं असतं. कागदपत्रांत जन्म घालवलेल्या माणसाला एवढं समजतं. पण ते तिथं उभे होते, दोघं, एकाच वेळी, अंगात अख्खा शर्ट घालून, आणि कुणालाही झाडामागं धावायचं नव्हतं.

"कुठले हे दोघे?" मागून कुणीतरी विचारलं. बिशपसाहेब येऊन ठेपले होते. सेकित्तोंनी श्वास घेतला, बोलण्यासाठी. पण प्रश्न कातोंना होता.

"हा माझा भाऊ," कातो म्हणाले. "वास्वा. तो उडाला. आणि हा मी."

"छान," बिशप म्हणाले. ते वाकून बघत होते. "आमच्या शाळेत एवढे बूट नव्हते हो. तुमचं मिशन श्रीमंत दिसतंय."

ह्यावर सेकित्तो गुरुजींना पंधरवडाभर पुरेल एवढं काही बोलायचं होतं, पण मुलांनी स्वागतगीत सुरू केलं.

जेवणं झाल्यावर, मंडप उतरत असताना, नाकिमेराबाई पुन्हा आल्या. मान खाली. "फुकट दुरुस्त करून देते साहेब. काय काय काढू?"

"बूट काढा. सगळे. ज्याचे आहेत त्याच्याच पायांत राहू द्या. आणि गुरुजींना खांदा परत द्या."

"आणि खाली लिहा," सेकित्तो मधेच म्हणाले, "की ह्या फोटोत फेरफार झालेला आहे. शाळेच्या भिंतीवर खोटं चालणार नाही." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कातोंना त्यांचं म्हणणं पटलं.

"बरोबर आहे. एक ओळ घाला, बाई. ह्यातला एक मुलगा मागाहून येऊन उभा राहिला आहे."

बाईंनी लिहून घेतलं. "कोणता, ते लिहू?"

कातोंनी फोटोकडं पाहिलं. सेकित्तोही बघत होते, पेन हातात धरून बाईही थांबल्या होत्या.

"नको," ते म्हणाले. "आईनं जन्मभर सांगितलं नाही. मी कोण सांगणारा?"

आणि पर्पेटुआ हाक मारत होती, म्हणून ते खुर्च्या उचलायला गेले.